यादीत न सापडणारे साडू

मोजणीदारांना जमिनीची मोजणी येत नव्हती. ते एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवत आणि उरलेल्या वेळात शब्द मोजत. कसले शब्द, तर शीर्षकांतले. कॉम्प्युटरवाली माणसं वर्षभर संशोधन करून जे पेपर छापतात, त्यांची नुसती शीर्षकं गोळा करायची, एका छोट्या प्रोग्रॅमला खायला घालायची, आणि कुठला शब्द कितीदा आला त्याची यादी काढायची. दर वर्षी ही यादी ते विभागाच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर, पाण्याच्या कूलरशेजारी टाचून ठेवत. त्यावरूनच कोणीतरी त्यांना मोजणीदार म्हणालं आणि ते इतकं चिकटलं की घरी बायकोसुद्धा फोनवर ‘मोजणीदार आंघोळीला गेलेत’ असं बिनदिक्कत सांगायची.

यादीत वरचे शब्द ठरलेले. ‘यूजिंग’ आणि ‘बेस्ड’ पहिल्या बाकावरून कधी उठायचे नाहीत. मागोमाग ‘नेटवर्क’, ‘मॉडेल’, ‘लर्निंग’, ‘एफिशिअंट’. ‘नॉव्हेल’ म्हणजे नवंकोरं, आणि हा नवंकोरं शब्द वापरून वापरून पार विटला होता. ‘टुवर्ड्स’ म्हणजे अमक्याच्या दिशेने. मोजणीदार फळ्यासमोर उभे राहून म्हणत, “सगळे दिशेने निघालेत बघा. पोचल्याचा निरोप मात्र एकाचाही नाही.” लोक ग्लासातलं पाणी सांडेपर्यंत हसत. मोजणीदारांना ते हसू फार गोड लागे, कारण त्यांचे स्वतःचे पेपर वाचून कोणी कधी हसलंही नव्हतं आणि रडलंही नव्हतं.

पण ही यादी काही लोकांना हसवायला सुरू झालेली नव्हती. ती साडूंना पकडायला सुरू झाली होती.

साडू हे नातंच मुळात अवघड जागेचं दुखणं. भाऊ म्हणावा तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही. सासरच्या तराजूत आपल्यासमोरच्या पारड्यात बसवलेला माणूस तो. त्यातून दोघे एकाच धंद्यातले असले की संपलंच. मोजणीदार थोरले जावई. धाकटी मेव्हणी, जिला पन्नाशीच्या उंबऱ्यावरही सगळे छोटीच म्हणत, तिने आपल्याच वर्गातल्या एकाशी लग्न केलं आणि तो निघाला कॉम्प्युटरवाला. नुसता निघाला नाही, पुढेही निघाला. मोजणीदार ज्या कॉलेजात लागले तिथेच राहिले. साडू मोठ्या विद्यापीठात प्रोफेसर झाले, त्यांच्या हाताखाली यंत्रांनी भरलेला अख्खा हॉल आला, आणि त्यांचा फोटो वर्तमानपत्रात आला. ते कात्रण सासूबाईंनी फ्रिजच्या दारावर लावलं होतं. थोरल्या जावयाने थंड पाण्याची बाटली काढायची म्हटली तरी आधी साडूंचं हसरं तोंड बघावं लागे.

साडू वाईट असते तर बरं झालं असतं. निदान शिव्या देता आल्या असत्या. पण ते मोकळे, मोठ्याने हसणारे, “साडूभाऊ, या या” म्हणत दारापर्यंत येणारे. भेटले की मोजणीदारांच्या यादीची चौकशी करणारे. त्यांच्या प्रत्येक चांगुलपणाने मोजणीदारांच्या पोटात नव्याने दुखायचं. साडूंची खुर्ची, साडूंचे बूट, साडूंचा पोरगा कोणी न ओरडता अभ्यासाला बसतो हे, सगळंच त्यांच्या डोळ्यांत खुपे.

आणि सगळ्यात खुपायची ती साडूंची शीर्षकं. ज्या यादीत सगळं जग सापडत होतं, तिच्यात साडू सापडत नव्हते. ‘यूजिंग’ नाही, ‘बेस्ड’ नाही, ‘नॉव्हेल’चा तर वासही नाही. कॉम्प्युटरपुढे कामांची रांग लागते तेव्हा मागच्या कामाची उपासमार होते, या विषयावरचा साडूंचा पेपर होता. दुसऱ्या कोणी त्याला गजभर नाव दिलं असतं. साडूंचं शीर्षक होतं: ‘रांगेत शेवटी उभा असलेल्याचं काय?’ माहिती विसरणाऱ्या मेमरीवरच्या पेपराचं नाव: ‘विसरभोळ्याला कामावर ठेवताना’. अशी शीर्षकं एकदा ऐकली की डोक्यातून जात नाहीत. मोजणीदारांच्या डोक्यातूनही जात नसत, आणि त्याचाच त्यांना संताप येई.

“शीर्षक म्हणजे दाराची पाटी,” ते घरी जेवताना तावातावाने सांगत. “पाटीवर माणसाने नाव लिहावं. पाटीवर विनोद करू नये.” हे वाक्य बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की ती पोळीवर तूप वाढायची आणि विषय बदलायची. मोजणीदारांची इच्छा एवढीच होती की मरण्यापूर्वी एकदा, एकदाच, साडू त्या यादीत सापडावेत. त्या दिवशी ते स्वतःच्या पैशाने विभागाला पेढे वाटणार होते.

त्या वर्षी सासूबाईंच्या घरी सगळे जेवायला जमले होते. छोटी वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, “ताई, मला त्या कॉलेजात तात्पुरतं शिकवायला लागून आता दोन वर्षं होतील. यंदा माझ्या एकटीच्या नावावर एक पेपर लागला तर कायम करतील. नाहीतर दुसरं कोणी घेतील म्हणे.”

“होईल गं,” ताई, म्हणजे मोजणीदारांची बायको, म्हणाली. “वर्गात पहिली कोण यायची? तू का तुझा नवरा?”

“तेव्हाचं तेव्हा. मधली इतकी वर्षं पोरं, घर, सासऱ्यांचं आजारपण. आता हात बसायला वेळ लागतोय.”

“छान, छान,” मोजणीदार म्हणाले. त्यांचं लक्ष साडूंकडे होतं. साडू कुठल्याशा नव्या कामाविषयी सांगता सांगता अडले होते, “हे म्हणजे कसं, ते आपलं...” आणि छोटीने वाटी पुढे करत त्यांना हवा तो शब्द पुरवला होता. साडू नेहमीच अडायचे आणि छोटी नेहमीच पुरवायची. मोजणीदारांना वाटलं, काय नशीब आहे एकेकाचं, बायकोसुद्धा बोलता बोलता मदत करते. आपली तूप वाढते.

महिन्याभराने त्यांच्याकडे परीक्षणाला पेपर आले. या क्षेत्रात वर्षाकाठी मोठमोठ्या परिषदा भरतात आणि तिथे पेपर लागला तर तो खरा. तो लागावा की नाही हे तीन परीक्षक ठरवतात. पेपरावरचं लेखकाचं नाव काढून टाकलेलं असतं, म्हणजे ओळखपाळख मध्ये येऊ नये. लेखकही आपल्या जवळच्यांची नावं आधी कळवतो, म्हणजे त्याचा पेपर त्यांच्याकडे जात नाही. त्यासाठीच्या रकान्यात नवरा, बायको, आईबाप, भावंडं, मुलं, सहकारी असं सगळं होतं. बहिणीचा नवरा नव्हता. आणि एवढं करूनही लेखक कोण ते परीक्षकाला कळलंच, तर त्याने पेपर परत पाठवायचा. हा नियम कुठे कोरलेला नव्हता, पण धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होता, आणि मोजणीदारांनी तो आजवर इमानाने पाळला होता.

चौथा पेपर त्यांनी उघडला. वर शीर्षक होतं: ‘पुन्हा विचारायला लाज कसली?’

मोजणीदार खुर्चीत ताठ झाले. पेपर नेटवर्कविषयी होता. एका यंत्राने दुसऱ्याला काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर त्याने किती वाट बघून पुन्हा विचारावं, आणि सगळ्यांनी एकदम पुन्हा विचारून गर्दी करू नये म्हणून काय करावं. युक्ती साधी होती आणि चांगली होती. चांगली आहे हे कळताच मोजणीदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे साडूच. दुसरं कोण असं शीर्षक देणार? नाव काढलं म्हणून काय झालं, चाल ओळखू येतेच की.

परत पाठवायचं बटण समोरच होतं. मोजणीदारांनी त्याच्याकडे बघितलं, उठून कूलरपर्यंत गेले, पाणी प्याले आणि परत आले. ओळखलं असं कोण म्हणतं? नाव तर कुठे लिहिलेलं नाही. आपण फक्त पेपर बघतोय. अशी स्वतःची समजूत काढून त्यांनी दार लोटलं आणि लिहायला बसले. आयुष्यात इतक्या आनंदाने त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

दोष शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सगळे प्रयोग मोजक्याच जुन्या यंत्रांवर केलेले होते. अख्खा हॉल भरून यंत्रं पडली असताना या माणसाने एवढ्यावर भागवलं! मोजणीदारांनी लिहिलं, ‘हाताशी भरपूर साधनं असूनही लेखकाने कष्ट घेतलेले दिसत नाहीत. नावलौकिकाच्या जोरावर अर्धवट काम खपेल असा समज असावा.’ मग शीर्षकाकडे वळले. ‘शीर्षक ही दाराची पाटी असते. पाटीवर विनोद करू नये. रूढ शब्दांत, कामाचं नीट वर्णन करणारं शीर्षक द्यावं.’ शिफारस: नाकारावा. स्वतःच्या मताची खात्री: पूर्ण.

बाकीच्या दोघांपैकी एकाला पेपर बरा वाटला होता. दुसऱ्याने तर चक्क लिहिलं होतं, ‘मला शीर्षकासकट सगळं आवडलं. कोणीतरी ताज्या डोक्याचं लिहितंय.’ ताज्या डोक्याचं! मोजणीदार एकटेच हसले. परिषदेच्या प्रमुखांनी विचारलं, “मतात एवढा फरक आहे, तुम्ही जरा सैल होता का?” मोजणीदार सैल झाले नाहीत. पेपर पडला. त्या आठवड्यात त्यांना झोप फार छान लागली.

पुढच्या रविवारी सगळ्यांचं जेवण साडूंकडे होतं. मोजणीदार नवा शर्ट घालून गेले. पडलेलं तोंड बघायला जाताना माणसाने नीटनेटकं असावं. पण दार उघडलं ते साडूंनीच, नेहमीसारखं हसत, “साडूभाऊ, या या!” मोजणीदार मनात म्हणाले, नाटकी आहे लेकाचा, दुखतंय पण दाखवत नाही.

पानं वाढली. छोटीचे डोळे आज सुजलेले होते. ताईने विचारलं, “काय गं, डोळे असे का?”

छोटीच्या आधी साडूच बोलले. “अहो ताई, हिचा पेपर पडला. इतका चांगला पेपर! मी एका ओळीला हात लावलेला नाही, लावूच दिला नाही तिने. एकटीचं हवं म्हणाली.”

“कुठला पेपर?” मोजणीदारांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

“‘पुन्हा विचारायला लाज कसली?’” साडू म्हणाले. “नाव बघा कसं आहे! माझी सगळी शीर्षकं हिचीच असतात, तुम्हाला माहीत नाही? मला कुठलं सुचायला. मी आपला यूजिंग आणि बेस्डवाला माणूस. तुमच्या यादीत पहिला सापडलो असतो.”

मोजणीदारांचा घास हातातच राहिला.

“जाऊ दे ना,” छोटी म्हणाली. “एकाला आवडला होता. पण तिसऱ्याने काय लिहिलंय तेच मला कळत नाही ताई. म्हणतो, साधनं असून कष्ट घेतले नाहीत. माझ्याकडे कुठली साधनं? कॉलेजच्या लॅबमधली ती जुनी डबडी. मुलांचं प्रॅक्टिकल संपलं की संध्याकाळी मला मिळायची. आणि म्हणे नावलौकिकाच्या जोरावर. माझा कसला आलाय नावलौकिक? या परिषदेत माझं नाव आजवर कोणी ऐकलेलं नाही.” ती जरा थांबली. “आणि शेवटी लिहिलंय, शीर्षक ही दाराची पाटी असते, पाटीवर विनोद करू नये.”

ताईच्या हातातला चमचा भांड्याच्या कडेला वाजला. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही, आणि मोजणीदारांना ते न बघणं डोळ्यांत बोट घातल्यासारखं लागलं. सासूबाई म्हणाल्या, “मेला कोण असेल तो, त्याच्या हाताला किडे पडोत.” साडू म्हणाले, “आई, असं नाही म्हणायचं, त्याचंही काही मत असेल.” छोटी मोजणीदारांच्या पानात भात वाढत होती. तिने ताईच्या चमच्याकडे बघितलं, मग मोजणीदारांकडे, आणि वाढता हात मध्येच एकदा थबकला, इतकंच.

गाडीत बसल्यावर ताईने आधी पट्टा लावला. मग म्हणाली, “ते तुमचं वाक्य आहे.”

“अगं, मला काय माहीत तिचा पेपर आहे ते! नाव काढलेलं असतं. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

मोजणीदारांनी उगाच हॉर्न वाजवला.

“छोटीच्या नवऱ्याचा आहे असं वाटलं. म्हणून लिहिलंत,” ताई म्हणाली. “चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. आणि यात चोर तरी कोण होता हो? त्या माणसाने तुमचं काय चोरलंय आजवर?”

“सांगा तिला,” ताई म्हणाली. “आणि त्या परिषदवाल्यांना कळवा.” मोजणीदार हो म्हणाले. खरोखर कळवायचं असंच त्यांच्या मनात होतं. परिषदेच्या प्रमुखांना त्यांनी लिहायलाही घेतलं, पण ‘लेखक ओळखीचा आहे असं मला वाटलं होतं’ या वाक्यापाशी हात अडला. ओळखलं होतं तर परत का नाही पाठवलं, हा पुढचा प्रश्न येणार. मग परीक्षक म्हणून पुन्हा कोणी बोलावणार नाही. आणि हे साडूंच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही. साडू हसून म्हणतील, “होतं असं, साडूभाऊ.” तो हसरा चेहरा नुसता डोळ्यांसमोर आला आणि मोजणीदारांनी लिहिलेलं पुसून टाकलं. लाजेपेक्षा मत्सर जड निघाला. सुंभ जळला, पीळ काही जळला नाही.

छोटीच्या जागी कॉलेजने दुसऱ्या कोणाला घेतलं. हे ताईकडून कळलं, आणि ताईने ते सांगताना नवऱ्याकडे पाठ करून भांडी विसळली. त्यानंतर रविवारच्या जेवणांना मोजणीदारांना हटकून काहीतरी काम निघू लागलं.

वर्ष उलटलं. मोजणीदारांनी सवयीने शीर्षकं गोळा केली, प्रोग्रॅम चालवला, आणि मग दर वर्षीसारखी साडूंची शीर्षकं यादीशी ताडून बघितली. साडू सापडले. ‘अमुक-बेस्ड तमुक मॉडेल यूजिंग ढमुक’ अशा नावाचा पेपर. दुसराही तसाच. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर पडद्यावर होतं. मोजणीदारांनी डोळे बारीक करून पुन्हा वाचलं. म्हणजे छोटीने नवऱ्याला शीर्षकं देणं सोडलं होतं. पेढ्यांची आठवण त्यांना झाली, पण विभागातल्या कोणाला त्यांनी काही सांगितलं नाही.

यादी लावायला ते व्हरांड्यात गेले तेव्हा ऑफिसबाहेर खुर्च्या मांडलेल्या होत्या. तासांवर शिकवणाऱ्या मास्तरांच्या मुलाखती होत्या. हातात फायली घेतलेली तरुण पोरं बसली होती. मोजणीदार टाचण्या लावत असताना शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

“भाऊजी, लागली का यंदाची यादी?”

छोटी होती. साधी साडी, हातात फाइल. “मुलाखतीला आलेय,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगितलं नाही, उगाच वशिला वाटायला नको.”

मोजणीदारांनी तोंड उघडलं. आता सांगावं, इथेच सांगावं, असं वाटून ते “छोटी, अगं मी...” एवढंच म्हणाले, तोवर तिने फाइलमधून छापील पेपर काढला होता.

“तोच पेपर आहे. एका लहानशा परिषदेत लागला. कामात काही बदल नाही. नुसतं नाव बदललं.”

मोजणीदारांनी पेपर हातात घेऊन वाचलं. ‘टुवर्ड्स अ नॉव्हेल अँड एफिशिअंट मॉडेल-बेस्ड अप्रोच फॉर नेटवर्क्स’. छोटीचं बोट फळ्यावरच्या यादीवरून हळूहळू फिरत होतं. टुवर्ड्स, नॉव्हेल, एफिशिअंट. सगळे तिथे होते, वरच्या वरच. एकही शब्द तिला शोधावा लागला नाही.

“जुनं नाव मला फार आवडायचं हो,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि डोळ्यांत पाणीही नव्हतं. “पण तुम्ही बरोबर म्हणता. आता पाटीवर विनोद नाही ना, भाऊजी?”

मोजणीदारांच्या हातात एक टाचणी उरली होती. ती कुठे लावायची हे त्यांना कळेना. छोटीने पेपर त्यांच्याकडून परत घेतला, नीट फाइलमध्ये ठेवला, आणि त्या पोरांच्या ओळीत जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसली.